घरात स्मार्ट उपकरणं बसवताना: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मंगळवार पेठेतलं आमचं घर दोन तुकड्यांचं आहे. पुढचा भाग आजोबांच्या काळातला, दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींचा. मागचा भाग नंतर स्लॅब टाकून वाढवलेला. या घरात गेल्या चारेक वर्षांत दिवे, गिझर, पाण्याची मोटर, कॅमेरा असं एकेक करून मी मोबाइलवर आणलं. काही जमलं, काही काढून टाकलं. तेव्हापासून पाहुणे, गल्लीतली मंडळी आणि ऑफिसातले लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी वायरमन नाही. बोर्ड उघडायचं काम जिथे येतं तिथे वायरमनच बोलवा.

सुरुवात कशाने करू?

एका स्मार्ट प्लगने. स्पीकर नको, दाराचं कुलूप तर नकोच. प्लग भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, त्यात उपकरणाची पिन खोचायची आणि ॲपमध्ये जोडायचा. पंधरा मिनिटांचं काम. नाही पटलं तर काढून कपाटात.

आमचा पहिला प्लग दिवाळीत आकाशकंदिलाला लागला. ॲपमध्ये ठरावीक वेळ न घालता ‘सूर्यास्त’ निवडला. कोल्हापुरात जूनअखेर सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला. ते गणित ॲप स्वतः करतं. पुढे तोच प्लग गणपतीच्या आरासीतल्या माळांना लागला. रात्री अकराला सगळं आपोआप बंद होतं, त्यामुळे ‘मी झोपताना बंद करतो’ म्हणणाऱ्या धाकट्या भावावर विसंबावं लागत नाही.

स्मार्ट बल्ब घेऊ की स्मार्ट स्विच?

स्विच. मी आधी बल्ब घेतले आणि पस्तावलो.

रंग बदलणारे चार बल्ब आणले. पहिल्या संध्याकाळी घरभर निळं-जांभळं करून झालं. दुसऱ्या दिवशी आईने सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. बल्बला वीजच मिळेना, ॲपमध्ये ‘ऑफलाइन’. मग मी बटणावर कागद चिकटवला: ‘हे बटण बंद करू नये’. आठवडाभर तो टिकला. मग मावशी राहायला आली. तिने कागद नीट वाचला आणि बटण बंद केलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “आरं, खोलीत कोण न्हाई आन् दिवा कशाला जळतोय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्मार्ट स्विच म्हणजे बहुतेक वेळा काडेपेटीएवढं मॉड्यूल. ते बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे बसतं. बाहेरून बोर्ड होता तसाच दिसतो, बटणही पूर्वीसारखंच चालतं आणि वर मोबाइलवरूनही चालतं. बल्ब साधा, दुकानात मिळेल तो. माझा निकष सोपा आहे: सगळे फोन कपाटात ठेवले तरी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं काहीही अडलं नाही पाहिजे.

स्मार्ट बल्बला जागा आहे, पण मोजकी. उशालगतच्या दिव्याला छान, कारण रात्री उजेड मंद आणि पिवळा करता येतो. आमचे चारपैकी दोन तिथे आहेत. उरलेले दोन अजून खोक्यात.

वायरमन म्हणतो, “हितं न्यूट्रल न्हाई.” म्हणजे काय? आता काय करायचं?

आपल्याकडे बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतं-जोडतं. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बऱ्याच ठिकाणी परस्पर दिव्याच्या होल्डरला गेलेली असते, बटणापाशी येतच नाही. साध्या बटणाला तिची गरजही नसते. मॉड्यूल मात्र स्वतःच एक छोटं यंत्र आहे, ते दिवा बंद असतानाही जागं राहून वायफाय ऐकत असतं. त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही चोवीस तास लागतात.

ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, कारण तिच्याशिवाय सॉकेट चालत नाही. अडचण येते ती जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या एका बटणाच्या डबीत. तिथे वायरमनला जवळच्या बोर्डातून न्यूट्रल ओढायला सांगा. केसिंग पट्टी असेल तर तासाभराचं काम, भिंतीत पाइप असेल तर नशीब. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात. ती स्वतःपुरता थोडासा करंट दिव्यातून घेतात. पण दिवा कमी वॅटचा एलईडी असेल तर बंद केल्यावरही तो मिणमिणतो किंवा फडफडतो. त्यासाठी दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडावा लागतो आणि तो बरेचदा मॉड्यूलच्या खोक्यातच असतो. पाकीट फेकण्याआधी तळाशी बघा.

एक मात्र कुणालाही करू देऊ नका: न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या जागी जोडणं. त्या क्षणी चालतं, म्हणून काही जण करतात. पुढे कुठे अर्थिंग सैल झालं तर फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्यावर करंट येतो. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं यंत्र) असेल तर ते ट्रिप होऊ शकतं. तसं झालं तर ‘ह्या स्मार्ट भानगडीनं लाईट जातीया’ असं म्हणून आरसीसीबीच काढून टाकू नका. ते त्याचं कामच करत असतं.

जुन्या घरांसाठी अजून एक. आमच्या सोप्यातला, म्हणजे पुढच्या खोलीतला, लाकडी बोर्ड उघडला तेव्हा आत कापडी वेष्टणाच्या वायरी निघाल्या. हात लावला की कापड भुग्यासारखं गळत होतं, आतलं रबर तडकलेलं. वायरमनने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, “हे आधी बदला, मग तुमचं वायफाय बसवू.” पुढच्या भागाचं सगळं वायरिंग बदललं, अर्थिंग नव्याने केलं. स्मार्ट सामानापेक्षा तो खर्च जास्त झाला, आणि तोच सगळ्यात गरजेचा होता.

बल्ब किंवा प्लग वायफायला जोडलाच जात नाही. दहा वेळा करून झालं.

सर्वांत जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं. राउटर दोन लहरींवर बोलतो, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. ही स्वस्त उपकरणं बहुतेक फक्त २.४ वर चालतात. फोन मात्र जवळ असला की ५ वर जातो. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर जोडणी अधेमधे अडकते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. हे जमत नसेल तर फोन घेऊन दोन खोल्या लांब जा. भिंती मध्ये आल्या की फोन आपसूक २.४ वर येतो. हा जुगाड आहे, पण आमच्या घरात चालला.

तरीही अडलं तर फोनचा मोबाइल डेटा बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या आणि वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ वर आणून बघा. उपकरण जोडणीसाठी तयार आहे का, हेही पाहा. प्लगचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की त्यावरचा दिवा भराभर लुकलुकतो. बल्ब तीन ते पाच वेळा चालू-बंद केला की स्वतःच लुकलुकायला लागतो. नक्की आकडा कंपनीगणिक वेगळा, तो माहितीपत्रकात असतो. लुकलुकत नसेल तर ॲपमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

जुन्या घराच्या भिंतींतून वायफाय जात नाही. राउटर कुठे ठेवू?

टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात नको. घराच्या मध्यावर, उंचीवर आणि शक्यतो दाराच्या रेषेत ठेवा. दगडी भिंत लहर अडवते, पण उघड्या दारातून ती जाते. २.४ ची लहर भिंतीतून ५ पेक्षा बरी जाते, त्यामुळे या उपकरणांना तीच सोयीची. दोन दगडी भिंतींपलीकडे न्यायचं असेल तर मधल्या खोलीपर्यंत वायर ओढून तिथे दुसरा राउटर ठेवा. वायरशिवाय चालणारे रिपीटर मी दोन वापरले. पैसे गेले.

लाईट गेली किंवा नेट गेलं तर?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेट गेलं तर मॉड्यूलवरचं बटण चालतंच. बऱ्याच ॲपमधली वेळापत्रकं उपकरणातच साठवलेली असतात, तीही चालतात. बंद पडतं ते बाहेरून चालवणं आणि बोलून चालवणं.

लाईट गेली तर सगळंच बंद, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो, हे लोक विसरतात आणि मग ‘यूपीएस घेऊनही नेट जातंय’ म्हणून भांडतात.

रात्री दोनला लाईट आली आणि घरातले सगळे दिवे भक्कन पेटले. भूत आहे का?

भूत नाही, सेटिंग आहे. बहुतेक स्मार्ट बल्ब लाईट परत आली की पूर्ण उजेडात चालू होतात, कारण बटण दाबून दिवा लावणाऱ्यांसाठी तसंच ठेवलेलं असतं. ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावरची स्थिती’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तिथे ‘आधी होती तशी’ किंवा ‘बंद’ निवडा. गिझर आणि मोटरला नेहमी ‘बंद’. हे आजच करा, पुढच्या वळवाची वाट बघू नका.

गिझर प्लगवर लावू का?

लावा, पण १६ अँपिअरच्याच. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, ३००० वॅटचा तेरा. ६ किंवा १० अँपिअरचा प्लग इथे वितळू शकतो.

त्याआधी सॉकेट तपासा. जुन्या सॉकेटची पकड सैल झालेली असते, त्यात प्लगचं वजन लटकतं आणि सैल जागी उष्णता होते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं गिझर चालवा, बंद करा, मग प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर आधी सॉकेट बदला.

किती वेळ लावायचा? १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला २००० वॅटला साधारण अठरा मिनिटं लागतात आणि ०.६ युनिट जळतं. आम्ही पहाटे पाच चाळीसला चालू आणि तीस मिनिटांनी आपोआप बंद असं ठेवलंय. ‘गिझर चालूच राहिला’ हे वाक्य घरातून हद्दपार झालं.

पाण्याची मोटर?

प्लगवर मुळीच नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. प्लगमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच, तेवढ्या झटक्यांनी चिकटतो. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि मोटर चालूच असते. हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. गच्चीवरून ओरडल्या, “अहो, तुमची टाकी वाहतीया!” मी ऑफिसात बसून फोनवर ‘बंद’ बघत होतो.

आता मोटरला कॉन्टॅक्टर आहे. जड करंट तो सांभाळतो, स्मार्ट मॉड्यूल फक्त त्याच्या कॉइलला वीज देतं. हे वायरमनचंच काम. शिवाय नुसत्या वेळापत्रकावर मोटर सोडू नका. नळाला पाणी आलं नाही आणि खालची टाकी कोरडी असेल तर मोटर कोरडी फिरून जळते. दोन्ही टाक्यांना फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) बसवा. मोबाइल हा त्याच्या वरचा उपचार.

पंखा आणि एसी?

साध्या पंख्याला पंख्यासाठीचंच मॉड्यूल घ्या. दिव्याचा डिमर लावला तर पंखा घोंघावतो. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर रेग्युलेटर काढून सरळ लाईन द्या. वेग त्याच्या रिमोटवरच बदलतो. साधा पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. बचत हवी असेल तर स्मार्ट मॉड्यूलपेक्षा पंखाच बदलणं शहाणपणाचं.

एसीची वीज प्लगने तोडू नका, तो रिमोटने बंद व्हायला हवा. रिमोटची नक्कल करणारी डबी मिळते, ती एसीसमोर ठेवायची. तिचा किरण भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीला वेगळी लागते.

मराठीत बोललेलं कळतं का?

फोनवरच्या गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं. अलेक्साशी मात्र इंग्रजी किंवा हिंदीच बोलावं लागतं. खरी गंमत नावांची. आम्ही पुढच्या खोलीला सोपा म्हणतो. ‘सोप्याचा दिवा’ म्हटलं की स्पीकर ‘सोफा’ शोधायचा. माजघराचं तर काय काय व्हायचं ते विचारू नका. शेवटी ॲपमध्ये ‘फ्रंट लाइट’ आणि ‘मिडल लाइट’ अशी नावं दिली. आईने एकदाच प्रयत्न केला आणि म्हणाली, “बटण दाबाय किती वेळ लागतो?”

मॅटर, झिग्बी हे काय? घेतलंच पाहिजे का?

मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेलं मानक आहे. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. ॲमेझॉन, ॲपल, गुगल, सॅमसंग सगळे त्यात आहेत. घरातल्या घरात, नेट नसतानाही ते चालतं. नवीन घेताना खोक्यावर मॅटरची खूण असेल तर दोन पैसे जास्त द्या. झिग्बी ही वायफायपेक्षा वेगळी बिनतारी पद्धत. तिला मधे एक हब, म्हणजे उपकरणांना नेटशी जोडणारी डबी, लागतो, पण तिची सेन्सरं कमी वीज खातात आणि राउटरवर भार येत नाही. पाच-दहा उपकरणं असतील तर वायफाय पुरे. वीस-पंचवीसच्या पुढे गेलात तर नेटवाल्याने दिलेला राउटर धापा टाकतो, तेव्हा झिग्बीचा विचार करा.

दारावर कॅमेरा बसवतोय. काय बघू?

आधी कोन. पेठेतल्या गल्ल्या अरुंद, तुमच्या दारावरचा कॅमेरा समोरच्यांचं अख्खं अंगण दाखवतो. बसवण्याआधी त्यांना सांगा, फोनवर चित्र दाखवा आणि ॲपमध्ये तेवढा भाग झाकायची सोय असेल तर झाका. आमच्या समोरच्या काकांनी चित्र बघून उलट त्यांची स्कूटर दिसेल असा कोन मागितला, तो भाग वेगळा.

मग पासवर्ड. खोक्यातून आलेला पहिल्या मिनिटाला बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे कुठूनतरी स्वस्तात मिळालेला जुना, बेनावाचा माल टाळा. चित्रण कार्डावर ठेवलं तर महिन्याचे पैसे लागत नाहीत. घरच्यांना ॲपमधून ‘शेअर’ करा, स्वतःचा पासवर्ड वाटत सुटू नका. झोपायच्या खोलीत कॅमेरा नको, कुठल्याही कारणासाठी.

पावसाळ्यात, वळवात आणि पुरात काय काळजी घ्यायची?

बाहेरच्या उपकरणावर आयपी६५ किंवा त्याहून वरचा आकडा बघा, तो धूळ-पाणी किती अडतं ते सांगतो. पण पाणी बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून शिरत नाही, वायरीवरून ओघळत जोडापाशी शिरतं. वायर भिंतीत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो.

वळीव जास्त वाईट. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, कडकडाट होतो आणि व्होल्टेज उसळतं. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. नसेल तर गडगडाट सुरू झाला की राउटरची पिन काढा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण अडॅप्टरमधून येतो. आमचा एक राउटर असाच गेला.

पुराचं २०१९ आणि २०२१ ने शिकवलंय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून सुतारवाड्यापर्यंत ज्यांच्या घरात पाणी येतं, त्यांनी राउटर, हब आणि इन्व्हर्टर कायमचे वरच्या मजल्यावर ठेवावेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. इशाऱ्यालाच खालचे प्लग काढून घ्या. आणि घर सोडताना मेन स्विच हाताने पाडा. ॲपवर ‘बंद’ करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे, मॉड्यूलपर्यंत फेज आलेलीच असते. पाणी ओसरल्यावर भिजलेलं मॉड्यूल वाळवून परत लावू नका, बदला.

महावितरण बसवतंय तो स्मार्ट मीटर आणि हे एकच का?

नाही. तो मीटर तुमच्या दिव्यांशी बोलत नाही आणि तुमचं ॲप त्याच्याशी बोलत नाही. एक उपयोग मात्र आहे. जुलै २०२५ पासून टीओडी (वापराच्या वेळेनुसार दर लावणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे. मोटर आणि वॉशिंग मशीन त्या वेळात चालवा.

याने बिल कमी होतं?

आपोआप नाही. प्रत्येक उपकरण नुसतं जागं राहायलाही अर्धा ते एक वॅट घेतं. एक वॅटची दहा धरली तर महिन्याला सातेक युनिट. विसरलेला गिझर बंद झाला तर ते भरून निघतं, नुसते दिवे स्मार्ट केले तर नाही.

राउटर बदलला. आता सगळं परत जोडायचं?

नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर. उपकरणं गुपचूप जोडली जातात.

भाड्याच्या घरात राहतो. चालेल का?

प्लग, बल्ब आणि रिमोटची डबी बिनधास्त. बोर्डात हात घालण्याआधी घरमालकांना विचारा आणि जुन्या जोडणीचा फोटो काढून ठेवा. सोडताना वायरमनला तो दाखवायचा.

जुना प्लग दुसऱ्याला दिला तर?

देण्याआधी तुमच्या ॲपमधून काढून टाका. मी इचलकरंजीच्या मेहुण्यांना एक तसाच दिला. त्यांनी बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, वायफायही पकडलं आणि शेवटी ॲप म्हणालं की हे दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. रविवारी सकाळी फोन आला, “दाजी, हे तुमच्याच नावावर हाय म्हणतंय, सातबारा हाय काय?” माझ्या फोनवरून काढायला दोन मिनिटं लागली.